क्षमा करा, पण तिला परत पाठवू नका



सासरचा जाच सोसून एखादी मुलगी माहेरी आली की आपल्या महिला मंडळात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "पूर्वकर्माचा उदय आहे, भोगून संपव" आणि "क्षमा हा आपला धर्म, जा परत." मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत, आणि धर्माच्याच आधारे मान्य नाहीत.

अंजनेची कथा आपण भक्तीने ऐकतो. पवनंजयाने २२ वर्षं तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे ती गरोदर राहिली तेव्हा सासूने कलंक लावून तिला घराबाहेर काढलं आणि माहेरनेही दार लावून घेतलं. आपण तिच्या सहनशीलतेचं कौतुक करतो, त्या बंद दाराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तिच्यासोबत वनात गेली ती सखी वसंतमाला. बाळासह तिला घरी नेलं ते मामा प्रतिसूर्याने. तिचं पूर्वकर्म सांगितलं ते ज्ञानी मुनींनी. आपल्याला कुठलं अवधिज्ञान झालंय? आपण वसंतमालेचं काम करावं.

कृत, कारित, अनुमोदना हे हिंसेचे तीन प्रकार आपल्याला पाठ आहेत. मारहाण होते हे ठाऊक असून मुलीला त्याच घरी धाडणं यातल्या कशात मोडतं? पाणी गाळून पिणाऱ्या आपण, याचा विचार कधी करणार?

उत्तम क्षमा म्हणजे मनातला क्रोध आणि वैर सोडणं. त्यासाठी एका छपराखाली राहावं लागत नाही. तिने नवऱ्याला मनापासून क्षमा करावी आणि स्वतंत्रही राहावं. यात धर्म कुठे आडवा येतो?

मी बी.कॉम. झाले आहे, म्हणून व्यवहाराचंही बोलते. बुडीत उधारी वसूल होईल या आशेवर आपल्या घरचा कुठलाही दुकानदार त्याच गिऱ्हाइकाला आणखी माल देत नाही. लेकीच्या बाबतीत मात्र "लग्नात एवढा खर्च झाला, दहा वर्षं गेली" म्हणत आपण पुढची दहा घालायला निघतो.

जी बाहेर पडली आहे तिने आधी स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं उघडावं. स्त्रीधन तिचं स्वतःचं आहे, त्याची यादी करावी. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पैशांची अडवणूकही छळात धरली आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. रोज थोडा स्वाध्याय करावा आणि हाताला काम ठेवावं. मन हळूहळू सावरतं. आपल्या धर्माने कर्माइतकाच पुरुषार्थही सांगितला आहे.

पुढच्या वेळी मंडळात अशी गोष्ट निघाली तर "कर्म" म्हणण्याआधी तिला एवढंच विचारा, "बाई, जेवलीस का? राहायला जागा आहे का?"