सहाध्यायांचा चतुर्थांश

यवतमाळच्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची कन्या आठवीच्या वर्गांत शिकते. शाळेनें चार चार मुलींचे गट करून 'आमच्या जिल्ह्यांतील कापूस' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. परंतु तो वहींत नव्हे, तर संगणकावरील अशा एका पानावर, कीं जें चारही मुलींना आपापल्या घरीं बसून एकाच वेळीं उघडतां येतें व ज्यावर चौघींनाही लिहितां येतें. बाईंची तक्रार अशी कीं, त्यांच्या मुलीनें संध्याकाळीं लिहिलेलें वाक्य रात्रीं दुसऱ्या एका मुलीनें पुसून बदललें, त्यावरून घरांत रडारड झाली, आणि शेवटीं चौघींस सारखेच गुण मिळाले. "हें शिक्षण म्हणावें, कीं राजरोस नक्कल?" असें त्या विचारतात. प्रश्न एकट्या त्यांचा नाहीं. म्हणून या महिन्याचें पान आम्ही त्यालाच देत आहों.

प्रथम नक्कल या शब्दाविषयीं. आमची पिढी ज्या शाळांत शिकली, तेथें शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहणें हा गुन्हा होता व त्याची शिक्षा कानास भोगावी लागे. परीक्षेच्या दालनांत हा नियम योग्यच आहे. परंतु परीक्षेचे दिवस वर्षांतून मोजके, आणि तिचा नियम मात्र उरलेल्या साऱ्या दिवसांसही लागू होऊन बसला. आपल्या पूर्वजांचें मत याहून निराळें होतें. विद्येचे चार भाग कल्पून, एक आचार्यापासून, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक सहाध्यायांपासून व एक कालेंकरून प्राप्त होतो, असें त्यांनीं सांगून ठेविलें आहे. ज्यांनीं शाळेंत संस्कृत घेतलें, त्यांतील पुष्कळांस हें वचन मुखोद्गत असतें. तरीही सहाध्यायांचा हा चतुर्थांश आपल्या शाळांतून कोणी व केव्हां खोडून टाकला, याची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

वास्तविक याच गोष्टीसाठीं आपल्या गांवठी शाळांचें एकेकाळीं परदेशांत कौतुक झालें होतें. अँड्र्यू बेल नांवाचा एक पाद्री मद्रासजवळील एग्मोर येथें अनाथ मुलांची शाळा चालवीत असे. तेथील मलबारी शाळांत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें गिरवितात व पुढचीं मुलें मागच्यांस शिकवितात, हें पाहून त्यानें आपल्या शाळेंत तीच रीत सुरू केली, आणि १७९७ सालीं लंडनमध्यें त्यावर पुस्तक छापलें. पुढें विलायतेंत ती 'मद्रास पद्धति' म्हणून गाजली. आपली धुळपाटी अशी समुद्रापार जाऊन आली, आणि आपण मात्र बांकावर बांक मांडून मुलांचीं तोंडें फळ्याकडे व पाठी एकमेकांकडे केल्या.

आतां त्या सामाईक पानाकडे वळूं. तें कसें चालतें, हें आमच्या अनेक वाचकांस ठाऊक नसावें. दूरच्या दोन माणसांनीं एकच पान पाहावें व त्यावर मिळून काम करावें, ही करामत डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकानें ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें भर सभेंत करून दाखविली. त्याचा सहकारी सुमारें तीस मैलांवरील प्रयोगशाळेंत बसला होता, आणि दोघांपुढें एकच मजकूर उमटत होता. पुढची अडचण सूक्ष्म होती. समजा, पानावर 'कापूस वेचला' असें आहे. एका मुलीनें आरंभीं 'पांढरा' हा शब्द घातला; त्याच क्षणीं दुसरीनें 'वेचला' याच्या आधीं 'काल' घातला. दुसरीनें आपली जागा जुन्या अक्षरांवरून मोजलेली. तोंवर पहिलीच्या शब्दानें सगळीं अक्षरें पुढें सरकलेलीं. मग 'काल' भलतीकडेच घुसावयाचा! एलिस व गिब्ज या दोघांनीं १९८९ सालीं यावर तोड सुचविली : दुसरीची जागा पहिलीच्या शब्दाइतकी पुढें मोजून मगच तिचें अक्षर बसवावयाचें. आज गूगल डॉक्ससारखीं पानें अशाच हिशेबावर चालतात. संधि करतांना पुढचा वर्ण मागच्यास पाहून रूप बदलतो, त्याचीच आम्हांस यावरून आठवण झाली. पण तें असो.

बाईंच्या तक्रारीस लागू पडणारा गुण पुढेंच आहे. या पानास स्मृति असते. कोणतें अक्षर कोणीं, कोणत्या वेळीं लिहिलें व कोणीं पुसलें, याची नोंद तें ठेवतें, आणि जुनें रूप पुन्हां काढून दाखवितें. वहींत खोडलेलें वाक्य शाईखालीं मरतें; येथें पुसलेलेंही जिवंत राहतें. बाईंनीं तें पान आम्हांस पाहावयास दिलें, तेव्हां नातवास शेजारीं बसवून आम्ही तें पहिल्या अक्षरापासून उलगडून पाहिलें. त्यांच्या कन्येचें मूळ वाक्य असें होतें कीं, कापूस पिकला म्हणजे शेतकरी तो विकून आनंदी होतो. तें पुसणारी मुलगी शेतकऱ्याच्या घरची दिसते. तिनें लिहिलें कीं, वेचणी एकदांच होत नाहीं, तीन-चार वेळां होते. पहिल्या वेचणीच्या कापसास भाव चांगला असतो, फरदडीच्या कापसास तो मिळत नाहीं. आणि पैसा हातीं येण्यापूर्वींच कर्जांत वळता होतो, म्हणून 'आनंदी' हा शब्द काढावा. वाचकहो, आठवीच्या वर्गांतील निबंधांतून 'आनंदी' हा शब्द सकारण काढला गेल्याचें आमच्या साऱ्या नोकरींत आम्हीं पाहिलें नव्हतें!

चौथ्या मुलीचें एकही वाक्य पानावर नाहीं. वरवर पाहणारास ती आळशी वाटेल. परंतु तिनें समासांत प्रश्न टाकले आहेत. त्यांतला एक असा : "सरकी कोठें जाते?" या तीन शब्दांमुळें निबंधास नवा परिच्छेद मिळाला. जिनिंगमध्यें रुई व सरकी वेगळी कशी होते, रुईच्या गाठी कशा बांधतात, सरकीचें तेल निघून ढेप गुरांपुढें कशी येते, हें सगळें इतर तिघींनीं त्या प्रश्नापोटीं शोधून लिहिलें. म्हणून आमचें मत असें कीं, चौघींस सारखे गुण देणें हा शिक्षकांचा आळस झाला. मुलींचें लेखन ही नक्कल नव्हे. पानाची स्मृति उघडून पाहिली असती तर प्रश्न विचारणारीस अधिक गुण द्यावे लागले असते. आणि ज्या मुलीचें वाक्य पुसलें गेलें तिला, तें कां पुसलें हें समासांत लिहिल्याशिवाय कोणीं पुसूं नये, असा नियम हवा होता. दुसऱ्याचें वाक्य कारण देऊन बदलणें व आपलें बदललेलें सोसणें, हें वयांत आलेल्या पुष्कळ माणसांनाही साधत नाहीं. तें तेराव्या वर्षीं शिकतां आलें तर एक संध्याकाळचें रडणें फार महाग पडलें असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां भिंतीवरील चकचकीत फळ्याविषयीं. पुष्कळ शाळा त्यासच 'डिजिटल शिक्षण' म्हणतात. त्यावर तयार चित्रपट लावावयाचा, मुलांनीं हात बांधून पाहावयाचा, आणि वीज गेली कीं तास संपला. यांत सहाध्यायांचा भाग कोठें आहे? खडूच्या फळ्यावर निदान मूल उठून दोन ओळी लिहीत तरी असे. यंत्र कोणतें हा मुख्य प्रश्नच नव्हे. तें मुलाचें तोंड मुलाकडे वळवितें कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

सोलापूर जिल्ह्यांत माढा तालुक्यांतील परितेवाडी हें लहानसें खेडें. तेथें २००९ सालीं रणजितसिंह डिसले हे शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळेवर आले, तेव्हां ती मोडकी इमारत गोठ्याला लागून उभी होती. त्यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचे चौकोन छापले. मोबाइल धरला कीं कविता ऐकूं येई, धडा दिसे. पुढें २०१७ च्या सुमारास राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे चौकोन आले. याबद्दल वर्तमानपत्रांनीं पुष्कळ लिहिलें. आमच्या दृष्टीनें महत्त्वाच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. गांवांतील मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून हे गृहस्थ प्रथम कन्नड शिकले व पुस्तकें त्या भाषेंत आणलीं. नंतर त्यांनीं भांडणाऱ्या देशांतील मुलांच्या जोड्या जमवून दिल्या : भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाइन. कित्येक आठवडे त्या मुलांनीं संगणकावरून एकमेकांशीं बोलावयाचें, अशी ती योजना. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांस दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्याच क्षणीं त्यांनीं अर्धी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. सहाध्यायांचा भाग याहून स्पष्ट कोणीं मोजून द्यावा?

दुसरें उदाहरण फलटणचें. सुगत मित्र यांनीं १९९९ सालीं दिल्लींत झोपडपट्टीशेजारच्या भिंतींत संगणक बसवून मुलांस मोकळा सोडला होता. २०१३ सालीं त्यांस मोठें पारितोषिक मिळालें. त्यांतून ज्या सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांतली एक फलटणच्या कमला निंबकर बालभवनांत होती. तेथील रीत अशी कीं, चार-पांच मुलांत एकच संगणक, प्रश्नही एकच, आणि दुसऱ्या गटांत डोकावण्यास पूर्ण मुभा. शिक्षकावांचून मुलें आपोआप शिकतात, हा मित्रांचा दावा आम्हांस पटत नाहीं. चतुर्थांश कितीही मोठा झाला तरी पूर्णांक होत नाहीं. परंतु संगणक मुलागणिक न देतां गटास द्यावा, ही गोष्ट आमच्या तालुक्यासारख्या गरीब भागास फार सोयीची आहे. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां पांढरकवड्याच्या आसपासच्या खेड्यांत घरांत मोबाइल एक, व तो सकाळींच बापाच्या खिशांतून शेतावर जाई. कोलामांच्या पोडांवर रेंज सांपडे ती टेकडीवर. तरी जेथें एखादा शिक्षक आंब्याखालीं चार मुलांस एका मोबाइलभोंवतीं बसवी, तेथील मुलें प्रत्येकीं एक मोबाइल घेऊन एकटीं बसलेल्या शहरी मुलांहून मागें पडलीं, असें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पडद्याचे तोटे आम्ही नाकारीत नाहीं. २०२३ सालीं युनेस्कोनें आपल्या अहवालांत, शिक्षकाची जागा यंत्रास देऊं नये, असा इशारा दिला. त्याच वर्षीं स्वीडनसारख्या धनिक देशानें शाळांत छापील पुस्तकें परत आणण्यासाठीं सरकारी पैसा काढला. आपल्याकडे सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या खेड्यानें २०२२ पासून सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. आमच्या वाचकभगिनींस आमचें सांगणें एवढेंच कीं, चौथीपर्यंत मुलास पाटी व वही यांवरच राहूं द्यावें. पुढें सामाईक पान आलें तरी पहिला खर्डा वहींत, स्वतःच्या हातानें, मग पानावर. मराठी नागरी कळफलकावरच लिहूं द्यावें. रोमन लिपींत लिहून यंत्राकडून मराठी करून घेण्याची जी संवय मुलांस लागते, तिनें ऱ्हस्व-दीर्घाचा विचार मुलाच्या डोक्यांतून यंत्राकडे जातो.

उरली ती आमच्या गांवची एक गोष्ट, आणि ती आम्हांस सर्वांत निकडीची वाटते. या केळापूर तालुक्यांत कोलाम व गोंड यांची वस्ती मोठी. कोलामी ही मराठीची बोली नव्हे. तेलुगु-गोंडीच्या द्राविड कुळांतली ती स्वतंत्र भाषा आहे. तिचें व्याकरण मरे एमेनो या पंडितानें १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत छापविलें. आमच्या वर्गांत मात्र कोलामाचें पोर शेवटच्या बांकावर मुकें बसे. त्याच्यापाशीं शब्द नव्हते असें नाहीं. ते घेणारा कोणी नव्हता. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूस, मार्लवाई येथें, १९४३ च्या सुमारास फ्यूरर-हायमेनडॉर्फ या पंडिताच्या पुढाकारानें गोंड शिक्षक तयार करण्यांत आले व गोंडी वाचनपाठ देवनागरींत छापले गेले. म्हणजे वाट अगदींच नवी नाहीं.

त्या बाजूच्या शाळांतही कोलामांचीं मुलें आहेत. तीं तेलुगु लिपी शिकतात, आपलीं नागरी. एकाच भाषेचीं मुलें, मध्यें नदी व राज्याची सीमा. अलीकडची एक शाळा व पलीकडची एक, अशा दोघींनीं मिळून एक सामाईक पान उघडावें. त्यावर मुलांनीं कोलामी शब्द लिहावा. शेजारीं नागरी व तेलुगु दोन्ही लिपींत त्याचें रूप, मग मराठी अर्थ, मग तेलुगु अर्थ. झाडें, कपाशीच्या कामांतले शब्द, नात्यांचीं नांवें येथून आरंभ करावा. नात्याच्या शब्दांवर मुलांत वाद होतील. ते होऊं द्यावे, व ज्या घरांत जें म्हणतात तें सगळें लिहून घ्यावें. शिक्षकास कोलामी येत नसल्यास हरकत नाहीं. या पानापुरता शेवटच्या बांकावरचा मुलगाच गुरुजी होईल, व पहिल्या बांकावरच्यांस त्याला विचारूनच पुढें जावें लागेल.

अलीकडच्या कोणत्याही शाळेनें तयारी दाखविल्यास, मुलांस नागरी कळफलक शिकविण्यासाठीं आम्ही आठवड्यांतून दोन दिवस येऊं. प्रारंभ वेचणी ओसरल्यावर करावा हें बरें. तोंवर पोडांवरचीं मुलें वर्गांत थोडींच असतात.