शेतावरची शाळा

गेल्या महिन्यात शाळेमागच्या मोकळ्या जागेत मुलांकडून मेथी आणि मुळा लावून घेतला. दुसऱ्याच दिवशी एका मुलाची अम्मी भेटायला आली. "टीचर, मातीच उकरायची असती तर याला गावी आजोबांकडेच ठेवला असता. शाळेत कशाला घातला?" त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या उन्हात काम केलं, त्या घराला आपलं मूल सावलीत बसून शिकावं असं वाटणारच. मी एवढंच म्हटलं, "आधी खुरपं मी हातात घेते, मग त्याला देते."

ही रीत मी टॉलस्टॉय फार्मवरून उचलली आहे. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह करून माणसं तुरुंगात जात होती आणि त्यांच्या बायकामुलांचा खर्च झेपत नव्हता. तेव्हा 1910 साली गांधीजींचे ज्यू स्नेही हर्मन कॅलनबाख यांनी आपली 1100 एकर जमीन वापरायला दिली. जोहान्सबर्गपासून 21 मैल, लॉली स्टेशनच्या जवळ. तिथे संत्री, जर्दाळू, प्लमची हजारभर झाडं होती आणि एक झरा. नोकर एकही नव्हता. पीठ हातजात्यावर दळायचं, पाणी वाहून आणायचं, मैला खड्ड्यात पुरून त्याचं खत करायचं. चपला शिवायला कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात शिकून आले आणि त्यांच्याकडून शिकून गांधीजींनी इतरांना शिकवलं. स्वतःच्या खासगी कामासाठी शहरात जायचं तर पायी जायचं. त्यासाठी लोक रात्री दोनला उठत.

वीस-तीस मुलं होती. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती. जे काम शिक्षक करत नाहीत ते मुलांना सांगायचं नाही, हा तिथला नियम. सकाळ शेतात जायची, म्हणून वर्ग दुपारी. मग डोळे मिटायचे, मुलांचे आणि गुरुजींचेही! डोळ्यांवर पाणी मारून धडा पुढे न्यायचा. (आमच्या पाचव्या तासाला मला हे रोज आठवतं.) तमिळ आणि उर्दू गांधीजी स्वतः शिकवत. उर्दू लिपी त्यांनी एका बोटप्रवासात शिकली होती आणि भाषा म्हणाल तर मुसलमान मित्रांकडून कानावर पडलेले अरबी-फारसी शब्द, तेवढीच. पण आपलं अज्ञान त्यांनी मुलांपासून लपवलं नाही. मी बीएड करून वीस वर्षं उर्दू शिकवते, तरी फळ्यापुढे "मला माहीत नाही, बघून सांगते" म्हणताना जीभ अडते.

रमजान आला. मुसलमान मुलांनी रोजे ठेवावेत म्हणून गांधीजींनी त्यांना उत्तेजन दिलं आणि बाकीच्यांनाही उपवासात साथ द्यायला सांगितलं. बऱ्याच जणांनी ते आनंदाने मानलं. मात्र त्यांनी रोजाची नक्कल केली नाही. ते पाणी पीत, सहेरीला उठत नसत आणि सूर्य मावळायच्या आधी जेवून घेत. म्हणून मगरिबच्या वेळी त्यांचे हात मोकळे असत आणि रोजदारांसाठी काही चांगलंचुंगलं करून ते वाढत. मला यातलं हे सगळ्यात आवडतं. कोणी कोणाच्या धर्मात शिरलं नाही, पण एकाच्या उपवासाची सोय दुसऱ्याने पाहिली.

तिथलं जेवण मात्र शाकाहारी होतं, सर्वांच्या संमतीने. गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलं आहे की रमजानमध्ये मुसलमान मुलांना मांसाची आठवण होत असणार, पण त्यांनी ती कधी कळू दिली नाही. ते हे कृतज्ञतेने लिहितात. मी शिक्षिका म्हणून वाचते आणि तिथेच अडते. मुलं सांगत नाहीत. ज्यांची संख्या कमी, ती तर नाहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाचवी-सहावीची मुलं घेऊन एका पालकांच्या शेतावर दिवसभर गेलो होतो. चुलीवर बिर्याणी, मुलं खूश. वर्गात वारकरी घरातली एक मुलगी आहे, गळ्यात तुळशीची माळ. ती काकडी आणि पोळी खात होती. मी जवळून गेले, "पोटभर जेव हं" म्हणाले आणि पुढे गेले! संध्याकाळी तिच्या आईला फोन केला तेव्हा कळलं, पोळी आणि काकडी तिने घरूनच आणली होती. "तुम्हाला उगाच त्रास कशाला, म्हणाली ती." म्हणजे आमच्याकडून कोणी विचारणार नाही, हे त्या पोरीने आधीच गृहीत धरलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मुळे आता दोन बोटं झाले आहेत. त्या अम्मींना माझं म्हणणं अजून पटलेलं नाही. मुलगा मधल्या सुट्टीत पाणी घालतो. मुळे निघाले की तिथेच सगळ्यांचं एकत्र जेवण करायचं ठरलंय. कोण काय खातो हे यावेळी वर्गात हात वर करून विचारणार नाही, एकेकाला बाजूला घेऊन विचारणार आहे. आणि त्या दिवशी पहिल्यांदा चुलीवर चढेल ते तिचं पिठलं, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने. पातेलं मी घरून नवं नेणार आहे.