दुर्मिळ लाकडाचेच पेन कशाला?

हैदराबादला चिक्कडपल्लीत माझी आत्या राहते. सुट्टीत तिच्याकडे गेलो की माझा बराचसा वेळ तिथल्या सिटी सेंट्रल लायब्ररीत जातो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात आणि बहुतेकांच्या हातात पाच-दहा रुपयांचे बॉलपेन असते. शाई संपली की पेन टोपलीत. मी त्यांना नावे ठेवीत नाही, मीही त्यांतलाच. पण आत्याच्या शेजारचे काका या बाबतीत निराळे आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हरांड्यात एक लहानसे लेथ यंत्र मांडले आणि त्यावर ते लाकडाची पेने कातून काढतात. मागच्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे तीन तुकडे ठेवले. एक जुन्या पलंगाच्या खुराचे शिसवी लाकूड, दुसरे कुड्याचे पांढरट लाकूड आणि तिसरे रक्तचंदन. म्हणाले, "बी. ए. झालास की तुला एक पेन द्यायचे आहे. कोणते लाकूड पाहिजे, बोल."

माझा हात रक्तचंदनाकडे गेला हे कबूल करतो. तुमचाही गेला असता. गडद लाल रंग आणि त्यात वाऱ्याने तळ्यावर उठाव्यात तशा बारीक लाटा. झाड सरळ वाढले तर त्याचे तंतूही सरळ राहतात. जिथे गाठ येते, फांदी फुटते किंवा तंतू वळणे घेत वाढतात, तिथे उजेड वेगवेगळ्या कोनांतून परततो आणि आपल्याला नक्षी दिसते. रक्तचंदनाच्या फार थोड्या झाडांत अशी लाट असते. जपानात शामिसेन या तंतुवाद्यासाठी हे लाकूड वाखाणले जाते, आणि लाट असलेल्याला सर्वांत जास्त भाव येतो.

"काका, हा तुकडा आणला कुठून?" मी विचारले.

"ओळखीतल्या एकाने दिला. पावती-बिवती काही नाही. अरे, वीतभरसुद्धा नाही तो! चुलीत गेला असता."

इथेच आमचा वाद झाला. काकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पेनाला लाकूड लागते ते जेमतेम पाच इंच लांब आणि पाऊण इंच जाड. त्याला आरपार भोक पाडायचे, आत पितळेची नळी चिकटवायची, मग ते यंत्रावर फिरवीत पटाशीने गोल करायचे, काचकागदाने घासायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. कपाट झाल्यावर उरलेल्या ढलप्यांतून हे सहज निघते. मोडक्या फर्निचरातून निघाले तर उत्तमच. पण रक्तचंदनाचे कपाट कोणाच्या घरात मोडले आहे? हे झाड रानात आपोआप उगवते ते मुख्यतः आंध्रच्या कडप्पा, चित्तूर आणि आसपासच्या डोंगरांत. त्याचा लाल गाभा भरायला कित्येक दशके लागतात. १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचे नियंत्रण आहे. जप्त केलेल्या ओंडक्यांचा सरकार लिलाव करते, म्हणजे कागदपत्रांसह मिळणारे रक्तचंदनही आहे. पण पावतीशिवाय आलेला तुकडा लहान असला तरी तो कुठल्या तरी झाडाचाच असतो.

चिक्कडपल्लीच्या माणसाला हे सांगायला लागू नये. रक्तचंदनाच्या तस्कराला नायक करणाऱ्या 'पुष्पा'चा दुसरा भाग इथून जवळच, आरटीसी क्रॉस रोड्सवरच्या संध्या चित्रपटगृहात लागला, तेव्हा ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री चेंगराचेंगरीत एका बाईचा जीव गेला. त्याची चर्चा घरोघरी झाली. ७ एप्रिल २०१५ ला शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात वीस माणसे मारली गेली, त्याची आठवण मात्र किती जणांना आहे? रक्तचंदन तोडायला आलेले म्हणून मारलेले हे लोक तमिळनाडूतले होते. लाकडाची किंमत सांगताना ही माणसे कोणी हिशेबात धरीत नाही.

मला राग येतो तो 'दुर्मिळ' या शब्दाचा. लाकूड दुर्मिळ म्हणून पेन मोठे, हा कुठला न्याय? याच हैदराबादेत १९२८ साली सुरू झालेल्या डेक्कन पेन स्टोअर्सने, आणि तिकडे राजमहेंद्रीत रत्नम यांनी, नाव कमावले ते एबोनाइटच्या पेनांवर. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर! रत्नम यांचे पेन १९३५ साली कुमारप्पांच्या हाती वर्ध्याला गांधीजींकडे पोचले आणि गांधीजींनी आभाराचे पत्र धाडले, ते काही त्यात दुर्मिळ जिन्नस होता म्हणून नव्हे. आपल्याकडे समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिला, तोही बोरूच्या काळात.

आणि कुड्याला कमी का लेखावे? आपण ज्याला काळा कुडा म्हणतो त्यालाच तेलुगूत अंकुडु म्हणतात, आणि एटिकोप्पाक गावची खेळणी त्याचीच. या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र त्याला आले म्हणून ओळखतात. चन्नपट्टणची खेळणी त्याच लाकडाची. कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घासली की तिला चकाकी येते. नक्षी लाकडात नसेल तर कारागिराने आणावी. शिसवी खूरही मी नाकारला नसता, पण तो काकांना स्वतःसाठी हवा होता हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

काका दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी यंत्राचा आवाज आला. मी गेलो तर कुडा फिरत होता आणि खाली पांढऱ्या भुश्शाचा ढीग पडला होता. रक्तचंदनाचा तुकडा अजून त्यांच्या खणात आहे. त्याचे काय करायचे, यावर आमचे एकमत झालेले नाही. पेन मात्र मला बी. ए. होण्याआधीच मिळाले. पिवळ्या लाखेचे आहे, टोपण जरा घट्ट बसते. हा मजकूर त्यानेच लिहिला.