अंगमेहनत म्हणजे व्यायाम नव्हे

धंद्याचे भांडवल काय, असे विचारले तर आपले व्यापारी बांधव दुकान, माल, उधारी आणि बाजारातली पत सांगतात. जालन्यात मस्तगडच्या आसपासच्या वस्त्यांतून रोज सकाळी जी माणसे कामाला बाहेर पडतात, त्यांपैकी पुष्कळांचे भांडवल मात्र कंबर, खांदे आणि गुडघे एवढेच असते. कोणी मोंढ्यात हमाल आहे, कोणी गवंडी, कोणी सेंटरिंगवाला, कोणी रंगारी, कोणी हातगाडीवर मोसंबी विकणारा, तर कोणी रोलिंग मिलसाठी भंगार उतरवणारा. दुकानाचा विमा निघतो, गाडीचे ऑइल वेळेवर बदलले जाते. या भांडवलाची निगा कोण राखतो?

हिशेब साधा आहे. समजा एका मिस्त्रीची मजुरी दिवसाला ८०० रुपये आहे. उसण भरली आणि तीन आठवडे तो आडवा झाला, तर कामाचे अठरा दिवस बुडाले, म्हणजे १४,४०० रुपये गेले. औषधपाणी वेगळे. ठेकेदार त्याच्या जागी दुसरा माणूस लावतो, आणि परत आल्यावर जुनी जागा मिळेलच याचा भरवसा नसतो. शिवाय एकदा धरलेली कंबर पुन्हा धरते, हे हमालांना सांगायला नको. मग थोरल्या मुलाची शाळा सुटते आणि तोही तेच ओझे उचलायला लागतो.

यावर उपाय म्हणून व्यायाम सुचवला की लोक हसतात. दिवसभर पोती वाहणाऱ्याला आणखी कसला व्यायाम सांगता, त्याचे सारे आयुष्यच व्यायाम आहे, असे म्हणतात. हा समज आपण सोडला पाहिजे. स्नायू बळकट व्हायला तीन गोष्टी लागतात : ओझे थोडे थोडे वाढत गेले पाहिजे, मध्ये एक-दोन दिवसांची विश्रांती मिळाली पाहिजे, आणि पोटात पुरेसे अन्न गेले पाहिजे. मजुरीत यातले काय मिळते? पहिल्या दिवशी जे ओझे तेच विसाव्या वर्षी, शेकडो वेळा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरी. त्यात कामाची ओढ नेहमी एकाच अंगावर पडते. हमाल गोणी बहुधा सवयीच्या खांद्यावरच घेतो. गवंडी दिवसभर पुढे वाकलेला असतो, मागे ताठ होण्याचे काम त्याला पडतच नाही. रंगाऱ्याचे हात तासन् तास डोक्याच्या वर असतात. वेल्डर उकिडवा बसून मान घालून काम करतो. काही स्नायू झिजेपर्यंत राबतात आणि त्यांना आधार देणारे दुसरे कच्चेच राहतात. अशा शरीराला एक दिवस पाय घसरण्याचे निमित्त पुरते.

डेन्मार्कमधील एक प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखा आहे, आणि आपल्या कुरेशी बांधवांनी तर अवश्य ध्यानात घ्यावा असा आहे. तेथील कत्तलखान्यांत मांस कापण्याचे काम करणारे, खांदा, कोपर किंवा मनगटाच्या जुनाट दुखण्याने बेजार झालेले ६६ कामगार निवडले. निम्म्यांना काम करण्याची योग्य पद्धत समजावून सांगितली. उरलेल्यांकडून दहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी फक्त दहा मिनिटे खांदा-हाताचे वजनी व्यायाम करून घेतले. २०१४ साली निष्कर्ष छापून आले, त्यात व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झालेले होते आणि स्नायूंची ताकद वाढली होती. त्याच वर्षी खेळाडूंच्या दुखापतींवरील २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्या, नुसत्या अंग ताणण्याच्या व्यायामाचा मात्र असा फायदा दिसला नाही, असे त्यात आढळले. खेळाडू आणि हमाल एक नव्हेत, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मोंढ्याला लावता येणार नाही. पण दिशा कळते.

आणि ही गोष्ट आपल्याला डेन्मार्ककडून शिकावी लागावी, याचेच वाईट वाटते. तालमीची परंपरा आपल्याच घरातली. बडोद्याचे जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, त्यांचे शागीर्द प्रो. माणिकराव. या मराठी शागिर्दाने उस्तादाची तालीम पुढे चालवली, तिला नावही उस्तादाचेच राहिले, आणि माणिकराव स्वतः हाडवैद्य म्हणूनही नावाजले. म्हणजे शरीर घडवणे आणि मोडलेले बसवणे या विद्या तालमीत एकत्र नांदत होत्या. सोलापूरकडच्या शेख घराण्याने तर तीन महाराष्ट्र केसरी दिले : १९८० साली इस्माईल, १९९२ साली आप्पालाल आणि २००२ साली मुन्नालाल. आज गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत, पण तेथे आरशासमोर दंड फुगवणाऱ्या पोरांची गर्दी असते. ज्याला खरी गरज, तो गवंड्याचा बिगारी तिथली फी पाहूनच मागे फिरतो.

त्याला फी भरायची गरजही नाही. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत दहा किलो वाळू भरून तोंड शिवले की वजन तयार. ती पिशवी छातीशी धरून बैठका माराव्यात. पाठ सरळ ठेवून, कंबरेतून न वाकता कुल्ल्यातून मागे जात ती जमिनीवरून उचलावी आणि तशीच खाली ठेवावी. हमालासाठी हाच सर्वांत मोलाचा व्यायाम, कारण पोते उचलण्याची रीतही त्यातच बसते. आडव्या पाइपाला लोंबकळून अंग वर ओढावे. ओढण्याचे काम मजुरीत फार कमी येते, म्हणून पाठीच्या वरच्या भागासाठी हे हवेच. दंड तर सर्वांना ठाऊक आहेत. एका हातात वजन घेऊन पन्नास पावले चालावे, मग हात बदलावा. प्रत्येक प्रकाराचे आठ-दहा वेळचे दोन-तीन फेरे, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत, पण पाठ वाकू लागली की थांबावे. ते सोपे झाले की दोन किलो वाळू वाढवावी. घाई करणारा पहिल्याच महिन्यात कंबर धरून बसतो आणि व्यायामाला बोल लावतो.

आधीच दुखत असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर मालिशवाल्याकडे न जाता डॉक्टरकडे जावे. त्यातही लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चहा-पावावर हा व्यायाम करू नये. डाळ, फुटाणे, अंडी, जमेल तेव्हा गोश्त पोटात हवे.

आता मालकांविषयी. हा सारा उपदेश मजुराला करून आडत्या आणि ठेकेदार मोकळे होणार असतील तर तो न केलेला बरा. माणूस बळकट झाला म्हणून त्याच्या पाठीवर आणखी ओझे टाकायचे, हा डाव कोणी मनात आणू नये. एका माणसाने हाताने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली. आपल्याकडे शंभर किलोचे पोते पन्नासवर यावे म्हणून हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. हातगाडा, फळीचा उतार आणि साधी ट्रॉली यांना फार पैसे पडत नाहीत. उन्हाळ्यात जड माल सकाळी लवकर उतरवून घ्यायला तर काहीच पडत नाही. राबणाऱ्यावर त्याच्या शक्तीबाहेरचे काम लादू नये, लादलेच तर स्वतः हात लावावा, ही हदीस जुम्याच्या बयानात आपण किती तरी वेळा ऐकतो. दुकानाच्या ओट्यावर परतल्यावर ती आठवते का?

खरी अडचण वेळेची आहे. पोत्यामागे हमाली मिळणारा माणूस अर्धा तास व्यायामाला देतो तेव्हा तेवढी पोती हातची जातात. म्हणून माझे म्हणणे असे की आठवड्यातून दोनदा हा अर्धा तास मालकाने आपल्या खर्चात धरावा, आणि चार-पाच आडत्यांनी मिळून वखारीचा एक रिकामा कोपरा द्यावा. फजरच्या नमाजनंतर मोंढा उघडेपर्यंत ती जागा तशीही मोकळीच असते. एखादा जुना पहिलवान दोन महिने उभा राहून शिकवील, त्याला मानधन द्यावे. रमजानमध्ये इफ्तारनंतर थोडे खाऊन, तरावीह झाल्यावर, कमी वजनाने करावे. रोज्यात भर दुपारी वजने उचलण्याचा हट्ट धरू नये.

त्याच जागी आणखी एक काम उरकता येईल. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरलेल्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात, आणि हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याखाली, नोंदणी करता येते. आपल्यातले कितीतरी कारागीर कागदपत्रांच्या कंटाळ्याने या दोन्हींबाहेर राहतात. नाव लिहून घ्यायला एक शिकलेला पोरगा तेथे बसवावा. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात आणि कापूस यायला अवकाश असतो. सुरुवात त्याच दिवसांत करावी, म्हणजे हंगामाच्या तोंडावर तीन महिन्यांची तयारी अंगात आलेली असेल.