आधी टायरची हवा, मग सस्पेन्शन

जालना जिल्ह्यातला मुरमाचा रस्ता वर्षभरात तीन रूपं घेतो. पावसाळ्यात अंबड-घनसावंगीच्या काळ्या जमिनीतून जाणारी पाणंद चिखलाने जड होते. दिवाळीनंतर तो चिखल वाळतो आणि ट्रॅक्टरच्या टायरांनी पाडलेल्या चाकोऱ्या टणक होऊन बसतात. उन्हाळा लागला की वरच्या मुरमाचा फुफाटा होतो, खालची खडी उघडी पडते आणि दुचाकीचं हँडल हातात थरथरू लागतं.

असल्या वाटांसाठी बनलेली ग्रॅव्हल बाइक आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत सहज दिसते. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र 40 ते 50 मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे आणि चाक धरणाऱ्या चिमट्यात (फोर्कमध्ये) भरपूर मोकळी जागा. तिच्या महागड्या मॉडेलांवर अलीकडे निरनिराळ्या तऱ्हेची सस्पेन्शनं येऊ लागली आहेत आणि त्यांच्यापायी किंमत हजारोंनी, कधी लाखाच्या पुढेही वाढते. मराठवाड्यातल्या सायकलस्वाराने हे पैसे मोजावेत का? बहुतेकांनी मोजू नयेत. त्याची कारणं या यंत्रांच्या रचनेत आहेत, तशीच इथल्या मातीतही आहेत.

मोटरसायकलच्या पुढच्या दोन नळ्यांचे शॉकअप सगळ्यांच्या ओळखीचे असतात. ग्रॅव्हल बाइक बनवणाऱ्या काही कंपन्यांनी त्याहून वेगळ्या वाटा शोधल्या. आइसलँडच्या लाउफ कंपनीच्या 'ग्रिट' चिमट्यात तेल नाही, सील नाही, दाबलेली हवा नाही. काचतंतूच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि चाक 30 मिलिमीटरपर्यंत वर-खाली होतं. ट्रकच्या पाट्यांचं तत्त्व इथे सायकलवर आलं आहे. कॅननडेलच्या 'लेफ्टी ऑलिव्हर'ला एकच पाय असतो आणि चाक एकाच बाजूने धरलेलं असतं. स्पेशलाइज्डचा 'फ्यूचर शॉक' हँडलच्या खाली बसतो आणि 20 मिलिमीटर दबतो. रेडशिफ्टच्या 'शॉकस्टॉप' या हँडल धरणाऱ्या स्टेममध्ये रबरासारखे ठोकळे आहेत. ते स्वाराच्या वजनाप्रमाणे बदलता येतात.

या चौघांत एक मोठा फरक आहे. लाउफ आणि लेफ्टी चाकाला हलू देतात, त्यामुळे टायर जमिनीला चिकटून राहतो आणि खडीच्या वळणावर पकड वाढते. फ्यूचर शॉक आणि शॉकस्टॉप फक्त स्वाराच्या हातांना जपतात, चाकाचे हादरे सायकलच्या सांगाड्याला बसतच राहतात. दोन्ही प्रकार 'सस्पेन्शन' याच नावाखाली विकले जातात, पण एकात पैसे पकडीसाठी जातात आणि दुसऱ्यात मनगटांच्या सुखासाठी. विकत घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यायला हवं.

सस्पेन्शनच्या बाजूनेही भक्कम मुद्दा आहे. 'बायसिकल क्वार्टरली' या अमेरिकी मासिकाचे संपादक यान हाइने यांनी महामार्गाच्या कडेला असतात तशा रम्बल स्ट्रिपवर सायकली चालवून मोजमाप केलं. गुळगुळीत डांबराच्या तुलनेत तिथे 290 वॅटपर्यंत जादा ताकद लागते, असं त्यांना आढळलं. हौशी स्वार दिवसभर जेवढी ताकद लावू शकतो, त्याहून हा आकडा मोठा आहे. म्हणजे हादऱ्यांनी अंग दुखतंच, शिवाय पायांची मेहनतही वाया जाते. हादरा कमी करणं ही चैन नव्हे. पण तो सर्वांत स्वस्तात आणि सर्वांत चांगला कशाने कमी होतो?

याचं उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालं होतं. 1885 मध्ये लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज कंपनीने 'व्हिपेट' नावाची सायकल आणली. भरीव रबरी टायरांचे हादरे झेलायला तिच्या सांगाड्यातच स्प्रिंग बसवलेली होती. 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी विली ह्यूम या खेळाडूने तेच टायर लावून शर्यती जिंकल्या आणि काही वर्षांतच स्प्रिंगच्या सांगाड्यांची गरज उरली नाही. शंभर वर्षांनी तेच पुन्हा घडलं. पॅरिस-रूबे या दगडी फरशांच्या शर्यतीत जिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी 1992 आणि 1993 अशी लागोपाठ दोन वर्षं रॉकशॉक्सचा सस्पेन्शन चिमटा वापरून विजय मिळवला. आज त्याच शर्यतीत बहुतेक खेळाडू साधे चिमटेच वापरतात. तेव्हापेक्षा रुंद टायर आणि त्यांत कमी हवा, एवढ्यावर त्यांचं भागतं.

जालन्याच्या खेड्यापाड्यांत हे कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. दुधाच्या किटल्या लटकवून, कॅरिअरवर चाऱ्याचा भारा बांधून धावलेल्या हीरो-ॲटलसच्या काळ्या सायकलीचा टायर 28 × 1½ मापाचा, म्हणजे जवळपास 40 मिलिमीटर रुंद. कातडी सीटखाली दोन जाड स्प्रिंगा, लांब सांगाडा, मागे झुकलेला चिमटा. ती वजनाला जड होती, पण कच्च्या रस्त्यासाठी तिची मापं अचूक होती.

आता नव्या यंत्रांची परीक्षा इथल्या ऋतूंवर घ्यावी. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटते, चिमट्यात आणि ब्रेकजवळ साचते आणि चाकच फिरेनासं होतं. तिथे सस्पेन्शनचा काही उपयोग नाही, टायर आणि चिमटा यांच्यातली मोकळी जागाच कामाला येते. हिवाळ्यातल्या टणक चाकोऱ्यांवर 30 मिलिमीटरची चाल खरोखर मदत करते, विशेषतः उतारावर वेगात असताना. उन्हाळ्यातल्या सुट्या खडीवर हादरे बारीक आणि सतत असतात. ते झेलण्याचं बहुतेक काम मऊ, रुंद टायरच करतो आणि सस्पेन्शनच्या वाट्याला उरलेलं थोडं काम येतं.

उन्हाळ्याची धूळ तर सस्पेन्शनच्याच मुळावर येते. नळ्यांच्या चिमट्यात धूळ सीलपर्यंत पोचते. रॉकशॉक्सच्या 'रुडी' या ग्रॅव्हल चिमट्याला कंपनीच्याच सूचनेनुसार दर 50 तासांनी खालच्या नळ्यांची सर्व्हिसिंग लागते. रोज तासभर आणि रविवारी चार तास सायकल चालवणाऱ्याला ही वेळ पाच आठवड्यांत येते. लेफ्टीला स्वतःचा वेगळा हब लागतो, तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. असल्या कामांसाठी संभाजीनगर गाठायचं तरी साठेक किलोमीटर, आणि तिथे जमलं नाही तर पुणे. यंत्र कितीही हुशार असो, ते उघडून पुन्हा बसवणारा हात जवळ नसेल तर त्याची किंमत विकत घेतल्यावरही वाढतच राहते.

या कसोटीवर लाउफचा चिमटा सर्वांत पुढे आहे, कारण त्यात धूळ शिरून बिघडण्यासारखं काही नाही. तरी त्यात हेलकावा आवरणारी व्यवस्था नाही, त्यामुळे चढावर उभं राहून पॅडल मारताना पुढचा भाग डुलतो. शिवाय पट्टी तुटली तर भाग परदेशातून मागवावा लागतो.

पैशांचा हिशोबही स्पष्ट मांडायला हवा. रुडी चिमटा 2021 मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत 799 डॉलर होती. तेव्हाच्या दराने ते साठेक हजार रुपये होतात, आयातशुल्क वेगळं. हा फक्त चिमटा, सायकल नव्हे. राज्य सरकारचा मानव विकास कार्यक्रम ज्या बारा जिल्ह्यांपासून सुरू झाला, त्यांत जालना होता. त्या योजनेत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकलीसाठी पाच हजार रुपये मिळतात. एका चिमट्याच्या किमतीत अशा बारा सायकली येतात आणि त्याही याच मुरमावरून धावतात. कुणी आपल्या कमाईतून काय घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण 'या रस्त्यांवर सस्पेन्शनवाचून भागत नाही' हे विक्रेत्याचं म्हणणं त्या मुली रोज खोटं ठरवतात.

मग पैसे कुठे घालावेत? टायरपासून सुरुवात करावी. पंक्चरच्या दुकानात अंगठ्याने दाबून टायर टणक लागेपर्यंत हवा भरायची सवय आहे. 45 मिलिमीटरच्या टायरमध्ये तशी हवा भरली की महागडी सायकलही दगडावर उडते. सत्तर किलोच्या स्वाराला अशा टायरमध्ये साधारण 30 ते 35 पीएसआय पुरते. त्यासाठी हवेचा दाब दाखवणारा पंप लागतो. कमी हवेत ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेमटून फाटू शकते, म्हणून ट्यूबलेस टायर बरा. त्यातलं सीलंट बाभळीच्या काट्याचं भोकही बुजवतं. मराठवाड्याच्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाहून भर घालावी. त्यानंतर सीटची उंची आणि हँडलचं अंतर जाणकाराकडून नीट बसवून घ्यावं. बोटं बधिर होण्याचं कारण पुष्कळदा हातावर पडणारा चुकीचा भार असतो.

एवढं करूनही मनगटं किंवा मान दुखत असेल, किंवा दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकलफेरी) साडेतेरा तासांत पुरी करण्यासारख्या लांब पल्ल्याची तयारी असेल, तर शॉकस्टॉपसारखा स्टेम किंवा सस्पेन्शनची सीटपोस्ट घ्यावी. ती जुन्या सायकलवर बसते, नको झाली तर काढता येते आणि सायकल बदलली तरी सोबत नेता येते. संपूर्ण सस्पेन्शनची ग्रॅव्हल बाइक परवडावी ती आठवड्याला शेकडो किलोमीटर खडबडीत वाटेवर काढणाऱ्याला, आणि तीही सर्व्हिसिंगची सोय जवळ असेल तर. इतरांनी खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे एकच मागणी करावी: सस्पेन्शनची आणि साधी, अशा दोन सायकलींना सारख्याच मापाचे रुंद टायर लावून, दाब मोजून हवा भरून, मुरमाच्या रस्त्यावर निदान तासभर चालवायला द्या. तासाभरानंतर हातांना जाणवलेला फरक साठ हजारांचा वाटला, तरच महागडी सायकल घ्यावी.