संत्र्याचा रस आणि सासूबाईंचा आवाज



दशलक्षण पर्व आलं की आमच्या नरखेडच्या घरी सासूबाईंच्या आवाजातलं भक्तामर लागायचं. ६० मिनिटांची कॅसेट होती. काही वर्षांपूर्वी मीच ती फोनमध्ये उतरवली आणि जागा वाचावी म्हणून सगळ्यांत लहान फाइल निवडली. ६० मिनिटं अवघ्या १४ एमबीत बसली, तेव्हा खूशही झाले. पुढे कॅसेटला बुरशी लागली. आता सासूबाई नाहीत, आणि फोनमधला त्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. ४८ श्लोक सगळे आहेत. श्लोकाआधी त्या घेत तो श्वास मात्र नाही.

चूक माझीच. हिशेब समजून घेतला नाही. तो अवघड नाही. सीडीवर आवाजाची नोंद दर सेकंदाला ४४,१०० वेळा होते, तीही डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी. त्यामुळे मिनिटाला साधारण १० एमबी लागतात आणि एका सीडीत ८० मिनिटं मावतात. नेहमीच्या १२८च्या एमपीथ्रीला मिनिटाला सुमारे १ एमबी पुरतो. म्हणून त्याच ७०० एमबीच्या सीडीत १२ तासांची गाणी बसतात. ही जादू नव्हे. कानाला सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे काढून टाकलेले असतात. मी तर १२८ऐवजी ३२ निवडले, मग जाणवणारेही गेले. संत्र्याचा रस निघतो. रसाचं पुन्हा संत्रं होत नाही, हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला हवं का?

जागा कमी असली की निवड करावीच लागते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं मावत. मैफलीत एकच राग खुलवत नेणाऱ्या गोव्याच्या केसरबाई केरकरांनाही त्यात आटोपतं घ्यावं लागे. त्यांचीच साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत अंतराळात गेली. त्या तबकडीत दीड तासाचं संगीत मावावं म्हणून तिचा वेग नेहमीच्या एलपीच्या निम्मा, म्हणजे मिनिटाला १६ पूर्णांक २ तृतीयांश फेऱ्या ठेवला. तिथंही जागा मोजूनच होती. पण काय ठेवायचं ते आधी विचार करून ठरवलं होतं.

आपल्याकडे उलटं झालंय. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सीडीच्या दर्जाच्या शंभरेक कॅसेट मावतील. तरी आपण आजीचा आवाज पिळून ठेवतो, आणि कधीच न ऐकलेली चार हजार गाणी, सुप्रभातची चित्रं जपतो. अपरिग्रहाचा अर्थ मी चुकीचा लावला होता. ६०० एमबीची एक फाइल म्हणजे परिग्रह नव्हे. न ऐकलेली गाणी साठवणं हा परिग्रह.

म्हणून सांगते, घरात जुनी कॅसेट असेल तर आधी वेव्ह फाइलमध्ये पूर्ण उतरवा आणि दोन ठिकाणी ठेवा. फोनसाठी एमपीथ्री त्यावरून करा. मूळ कॅसेट टाकू नका. आणि घरातली म्हातारी माणसं अजून पाठ म्हणत असतील, तर आजच जवळ बसून नीट रेकॉर्ड करा. मला तो श्वास आता कुठल्याच फाइलमध्ये सापडायचा नाही. तुमच्या घरात तो अजून असेल.