शाळेंतील तालवाद्यांचा वर्ग

मुलगा घरीं तबला वाजवूं लागला, कीं आई दटावते, "हळू रे, बाबा निजले आहेत!" पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कामगारांच्या वस्त्यांत हा प्रसंग नवा नाहीं. इ. स. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढें कारखाने वाढत गेले आणि घरोघरीं पाळ्यांचें घड्याळ चालूं लागलें. रात्रपाळीहून आलेल्या बापाची झोंप मोडणें बरें नव्हे, आणि मुलाच्या बोटांतील ताल दडपणेंही बरें नव्हे. ही अडचण शाळेनें सोडवावी, असें आमचें मत आहे.

ताल या प्रांतास परका नाहीं. देहू जवळच आहे. आळंदीस जोग महाराजांनीं १९१७ सालीं स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेंत कीर्तनाबरोबर मृदंगही शिकवितात. पुण्यांत १९६२ सालीं निघालेल्या ज्ञान प्रबोधिनीचें ढोल-ताशांचें पथक प्रसिद्ध असून, त्या संस्थेचें विद्यालय निगडीसही आहे. परंतु अशीं पथकें पाहून शाळेनें पहिल्याच दिवशीं ढोल विकत घेऊं नयेत. ढोल उघड्या रस्त्यासाठीं आहे. बंद खोलींत त्याचा नाद भिंतींवरून उलटून कानांवर येतो. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तास ऐकल्यास श्रवणशक्तीस धोका पोंचूं शकतो, आणि आवाज ३ डेसिबलनें वाढला, कीं ही मुदत निम्म्यावर येते.

म्हणून आरंभ टाळीनें करावा. त्रितालाच्या १६ मात्रा मुलांनीं आधीं तोंडानें म्हणाव्यात व हातानें दाखवाव्यात: पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेस टाळी, नवव्या मात्रेस खाली. यास पैसा लागत नाहीं व एकही मूल वगळावें लागत नाहीं. नंतर तबल्याच्या चार जोड्या पुरतात. चौघांनीं वाजवावें, इतरांनीं टाळी द्यावी, आणि आळीपाळीनें जागा बदलावी. खोली इतर वर्गांपासून दूर व वेळ ठरलेली असावी. पावसाळ्यांत कातडें ढिलें पडतें. जोड्या झांकून कोरड्या जागीं ठेवण्याचें काम मुलांनींच वांटून घ्यावें.

"यानें अभ्यास बुडेल," असें कित्येक पालक म्हणतील. त्यांस आमचें उत्तर असें: खालीच्या मात्रेस टाळी नसते, पण मोजणी थांबत नाहीं. जो ती मात्रा गाळतो, त्याची सम चुकते. आपली पाळी येईपर्यंत गप्प राहून दुसऱ्याचें ऐकणें, आणि वेळ येतांच न चुकतां हजर होणें, ही संवय ज्यास लागली, तो गणिताच्या तासासही जागा राहतो.

वर्गाचें यश संमेलनांतील बक्षिसांवरून मोजूं नये. मागच्या रांगेंतील लाजरी मुलगी एकटीनें ठेका धरूं लागली, तर वर्ष सार्थकीं लागलें असें समजावें. बापाची झोंप व मुलाचा ताल, दोन्ही राखण्यास शाळेची एक खोली आणि रोजचा अर्धा तास पुरेसा आहे.